मोबाइलच्या विम्याचा हिशेब

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एखादा तरुण शिरूरच्या दुकानात पंधरा हजारांचा मोबाइल कर्जाऊ हप्त्यांवर घ्यावयास जातो, तेव्हा दुकानातला माणूस सह्यांच्या कागदांत आणखी एक कागद सरकवतो. "विमा टाकून देऊ ना? दिवसाला चार रुपयेसुद्धा पडत नाहीत." कर्जाच्या मासिक हप्त्यात तो आकडा मिसळून गेलेला असतो, मागे गिऱ्हाइकांची रांग असते, आणि मोबाइल फुटला वा चोरीस गेला तर काय, या भीतीला त्या क्षणी दुसरे उत्तर सुचत नाही. तरुण मान डोलावतो. दौंडच्या बाजारपेठेतही याहून वेगळे काही घडत नाही.

हा विषय अग्रलेखाच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका आमच्या काही जुन्या वाचकांना येईल. मोबाइल ही चैनीची वस्तू होती तोवर ती शंका रास्त होती. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. शिरूरच्या कांदा उत्पादकाला सात-बारावर पिकाची नोंद लावायची तर ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या पद्धतीसाठी, कॅमेऱ्याचा मोबाइल हातात लागतो. एक रुपयाचा पीकविमा होता त्या २०२३ आणि २०२४ च्या हंगामांत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, आणि ती बहुधा मोबाइलवरूनच दिली जाई. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो की भविष्य निर्वाह निधीतून स्वतःचेच पैसे काढणे असो, आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी आल्यावाचून पुढचे दार उघडत नाही. केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांवर परप्रांतांतून आलेला मजूर घरी पैसे धाडतो तेही मोबाइलवरूनच. असे हे साधन एक दिवस जरी हातचे गेले तरी मजुरी, शिधा, बँक आणि घर या चारही गोष्टींशी माणसाचा संबंध तुटतो. म्हणून त्याच्या विम्याचा प्रश्न हा केवळ ग्राहकाच्या चोखंदळपणाचा प्रश्न नव्हे.

आता तो कागद वाचून पाहू. विकताना 'चोरी, तोडफोड, पाणी, सारे आले' असे सांगितले जाते. अटींत मात्र चोरी या शब्दाचा अर्थ निराळा असतो. बहुतेक योजनांत चोरी म्हणजे घराचे वा गाडीचे कुलूप तोडून झालेली, किंवा बळजबरीने झालेली चोरी. खिशातून अलगद काढून घेतलेला, चार्जिंगला लावून विसरलेला, गर्दीत कोठे पडला हे ठाऊक नसलेला मोबाइल त्यात बसत नाही. पुणे-दौंड गाडीच्या सायंकाळच्या गर्दीत ज्याचा मोबाइल जातो त्याच्यावर कुणी सुरा रोखलेला नसतो. आणि नेमक्या त्याच चोरीची भीती दाखवून विमा विकलेला असतो! हा केवळ कंपन्यांचा कांगावा आहे असेही म्हणता येत नाही; घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर ही अट लिहिलेली असेल तर ती बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदनलाल प्रकरणात दिला आहे. सही करण्यापूर्वी वाचावयाचे कलम हेच होय.

त्यापुढे घसारा येतो. सहा महिने, नऊ महिने, वर्ष असे दिवस जातील तसतशी मोबाइलची 'विम्याची किंमत' उतरत जाते. हप्ता मात्र नव्या किमतीवर घेतलेला असतो. शिवाय प्रत्येक दाव्यात काही रक्कम ग्राहकाने स्वतः सोसावयाची असते.

शंभर कामगारांचा हिशेब करून पाहू. आकडे आमचे, केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत; ज्याने त्याने आपल्या कागदावरचे आकडे त्या जागी घालावेत. प्रत्येकाचा मोबाइल पंधरा हजारांचा, विमा करासह चौदाशे रुपयांचा. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील वस्तू व सेवा कर उठला, मोबाइलच्या विम्यावरचा १८ टक्के कर मात्र तसाच राहिला.) शंभर जणांचे मिळून एक लाख चाळीस हजार रुपये जमा झाले. वर्षभरात वीस जणांचे डिस्प्ले फुटले. दुरुस्ती चार हजारांची, त्यातले पाचशे ग्राहकाने भरले, म्हणजे प्रत्येकी साडेतीन हजार या दराने सत्तर हजार परत मिळाले. तिघांचे मोबाइल दहाव्या महिन्यात चोरीस गेले आणि तिघांचेही दावे मान्य झाले असे उदार मनाने समजू. निम्मा घसारा आणि दहा टक्के वजावट धरली तर प्रत्येकी पावणेसात हजार, म्हणजे एकूण वीस हजार दोनशे पन्नास. सारे मिळून परत आले नव्वद हजार दोनशे पन्नास. उरलेले जवळजवळ पन्नास हजार सरकारच्या करात, दुकानदाराच्या दलालीत, कंपनीच्या खर्चात आणि नफ्यात गेले. आणि हे एकही दावा नाकारला गेला नाही असे धरून!

विम्यात सर्वांचे पैसे परत येत नसतात, ते यायचेही नसतात, हे आम्ही जाणतो. विम्याचे तत्त्व वाईट नाही. किंबहुना ते सहकाराचेच सख्खे भावंड आहे. मुंबईत १८७० साली निघालेली बॉम्बे म्युच्युअल ही आयुर्विमा संस्था नावाप्रमाणेच परस्पर साहाय्याच्या पायावर उभी होती. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ खाजगी विमा उद्योग चार सरकारी कंपन्यांत विलीन झाले, तेव्हा त्यामागेही हीच भूमिका होती की जनतेच्या आपत्तीतून खाजगी नफा निघू नये. १९९९ च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडले. प्रश्न तत्त्वाचा नाही, निवडीचा आहे. जी हानी एकट्याने सोसवत नाही, जिच्यामुळे कुटुंब उघड्यावर येते, तिचाच विमा उतरावयाचा असतो. फुटलेला डिस्प्ले ही कटकट खरी, पण ती त्या जातीची हानी नव्हे.

या दृष्टीने एक विसंगती आम्हांला अस्वस्थ करते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण वर्षाला वीस रुपयांत मिळते. मोबाइलसाठी चौदाशे देणाऱ्या कामगाराने बँकेत हे वीस रुपये भरले आहेत काय, हे प्रथम विचारले पाहिजे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत आगीच्या आणि स्फोटांच्या घटना नव्या नाहीत. तेथे पाळीवर जाणाऱ्याच्या खिशातील यंत्राचा विमा आहे आणि ठेकेदाराने त्याची राज्य कामगार विम्यात नोंद केली आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही, ही अवस्था लाजिरवाणी आहे. एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना हे संरक्षण हक्काने मिळावयाचे आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के हा वर्गणीचा दर जुलै २०१९ पासून आहे. पगारपत्रकात ती कपात दिसत असेल तर विमा क्रमांक मागून घ्यावा. दिसत नसेल तर भांडणाचा विषय तो आहे.

मग मोबाइलचा विमा कुणीच घेऊ नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. घरोघर माल पोहोचविणारा किंवा ॲपवर गाडी चालविणारा तरुण दिवसभर पावसापाण्यात मोबाइल बाहेर धरूनच काम करतो. त्याचा मोबाइल बंद म्हणजे त्याच दिवशीची कमाई बंद. मोबाइल महागडा आहे, डिस्प्लेची दुरुस्ती त्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी आहे, अशा ठिकाणी अपघाती तोडफोडीची योजना घेणे शहाणपणाचे ठरू शकते. मात्र ती उत्पादक कंपनीची स्वतःची असावी, दुरुस्ती तिच्याच केंद्रात व्हावी, आणि ते केंद्र जवळपास आहे की पुण्यास एक दिवसाची मजुरी बुडवून जावे लागते, हे आधी पाहावे. इतरांनी, विशेषतः दहा-पंधरा हजारांचा मोबाइल वापरणाऱ्यांनी, हा खर्च टाळावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोम आहे. दुकानात 'विमा' म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा विमा नसतेच. तो कुठल्या तरी सेवा कंपनीशी केलेला 'प्रोटेक्शन प्लॅन' असतो. पावतीवर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक नसेल तर विमा लोकपालाचे दार बंद समजावे. ग्राहक आयोगाचे दार मात्र दोन्ही प्रकारांत उघडे आहे. संकेतस्थळावरून खरेदी करताना न विचारता खरेदीत विमा घुसडणे हा प्रकार केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविला आहे. गुपचूप विक्रीचा हा रोग आपल्याच देशापुरता नाही. ब्रिटनमध्ये वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २०१३ साली मोबाइल विम्याची तपासणी केली, तेव्हा संदिग्ध अटी आणि किचकट दावे हीच तक्रार पुढे आली.

ज्यांनी हप्ता भरूनच टाकला आहे त्यांच्यासाठी पोलीस ठाण्यातील पहिला तास मोलाचा आहे. चोरीची तक्रार घेऊन गेलेल्याला अनेक ठिकाणी 'गहाळ' म्हणून दाखला दिला जातो. तो कागद हाती आला की दावा तेथेच संपला, कारण गहाळ झालेल्या वस्तूची भरपाई नाही. चोरी झाली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३, हिसकावून नेला असेल तर कलम ३०४, असा स्पष्ट गुन्हा नोंदविण्याचा आग्रह धरावा. हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात आला आहे, आणि बळजबरीची अट असलेल्या पॉलिसीत त्या एका कलमाने फरक पडतो. गाडीत चोरी झाली आणि उतरल्यावर कळले, तरी हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्याने नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावी. विमा कंपनीला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत कळवा, असे अटींत असते; ज्याचा मोबाइलच गेला त्याने कशावरून कळवावे, हा विचार अटी लिहिणाऱ्याला सुचलेला दिसत नाही. तथापि फिर्याद तत्काळ दिलेली असेल तर केवळ कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या गुरशिंदर सिंग प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. मोबाइलच्या दाव्यात तो निकाल पुढे ठेवावयास हरकत नाही.

दावा नाकारला तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार घरबसल्या दाखल होते, आणि कंपनीचे कार्यालय परराज्यात असले तरी तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती चालते.

आणि ज्यांनी हप्ता भरलेला नाही, त्यांचे काय? वरच्या त्याच शंभर जणांनी महिन्याला पन्नास रुपये बाजूला काढले तर वर्षाला साठ हजार जमतात. वीस फुटलेल्या डिस्प्लेंना निम्मा खर्च, म्हणजे चाळीस हजार, आणि चोरीस गेलेल्या तीन मोबाइलांना प्रत्येकी पाच हजार देऊनही पाच हजार शिल्लक राहतात. आणि येथे खिसा कापला गेला की कुलूप तोडले गेले, हे विचारणारा कुणी नाही. भिशी चालविणाऱ्या आपल्या माणसांना हा हिशेब शिकवावा लागणार नाही. मात्र याला विमा म्हणू नये आणि भरपाईची हमी देऊ नये, कारण परवान्याशिवाय विमा विकणे बेकायदा आहे. मदतनिधी म्हणून, शक्यतो कामगारांच्या पतसंस्थेत खाते उघडून, दर महिन्याचा जमाखर्च सर्वांपुढे वाचून तो चालवावा.

जेथे मालक किंवा ठेकेदार हजेरी व कामाचे आदेश कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलवरून घेतो, तेथे त्या मोबाइलच्या दुरुस्तीचा भार मालकाने उचलावा, ही मागणी संघटनांनी येत्या करारांच्या मसुद्यात घालावी. यंत्र बिघडले म्हणून फिटरच्या पगारातून त्याची किंमत कापून घेणे कोणत्याही कामगाराने आजवर मान्य केलेले नाही.

तोवर प्रत्येकाने एक काम आजच करावे. मोबाइलवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे दाबली की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून घरी ठेवावा. मे २०२३ पासून देशभर चालू असलेल्या संचार साथी या सरकारी सेवेवर, पोलिसांतील तक्रारीची प्रत जोडून, तो मोबाइल देशातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यावर बंद पाडता येतो. त्याला एक पैसाही लागत नाही.