आधी कागद मोजा, मग इंच

टॅब ८-९ इंची घ्यावा की ११ इंची, हे धाराशिवच्या दुकानात उभं राहून ठरवलं तर मोठाच घरी येतो. काउंटरवर सिनेमाची झलक चालू असते, ती मोठ्या पडद्यावर छानच दिसते. पण काम काउंटरवर करायचं नसतं ना!

सोयाबीनच्या रानात ई-पीक पाहणीचे फोटो काढत हिंडणारा सहायक घ्या, किंवा भूम-परंड्याकडं वाडीवर जनावरांच्या कानातला १२ आकडी बिल्ला वाचून नोंद करणारा पशुवैद्यक. एका हातात उस्मानाबादी शेळीचा कान; दुसऱ्या हातात मावेल तोच टॅब खरा. सॅमसंगचा ८.७ इंची ए-नाईन ३३२ ग्रॅमचा, ११ इंची ए-नाईन प्लस ४८० ग्रॅमचा. वर जाड कव्हर. तासाभरानं मनगटच निकाल देतं. उभ्यानं करायच्या कामाला लहानच घ्यावा, यात मला शंका नाही. सात इंची टॅबची स्टीव्ह जॉब्सनं २०१०मध्ये टर उडवली होती. २०१२मध्ये त्याच्याच कंपनीनं ७.९ इंची आयपॅड मिनी बाजारात आणला.

बसून करायच्या कामाचा हिशेब कागदावरून करावा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. ११ इंची टॅब उभा धरला की पडदा जेमतेम १५ सेंटिमीटर भरतो, पीडीएफमधली अक्षरं बारीक होतात. आडवा धरला की साडेतेवीस! अक्षर मुळाहून मोठं, फक्त पान अर्धंच दिसतं. गंमत म्हणजे ८.७ इंची आडवा धरला तरी १९ सेंटिमीटर मिळतात. नुसतं वाचायला तेवढे पुरतात. नीट-जेईईवाल्या पोरांना मात्र एकीकडं व्हिडिओ, दुसरीकडं प्रश्न लागतो. त्यांना मोठाच द्यावा. ‘महाज्योती’च्या योजनेतून टॅब मिळालेल्यांना निवडीला वाव नाही, त्यांनी निदान तो आडवा धरून वाचावा.

आणि सिम. वाय-फायवालं मॉडेल स्वस्त पडतं, म्हणून लोक तेच उचलतात. मग रानात फोनच्या हॉटस्पॉटवर दोन्ही बॅटऱ्या खर्ची पडतात. शिवाय पीक पाहणीच्या फोटोला अक्षांश-रेखांश लागतात. आयपॅडच्या वाय-फाय मॉडेलात जीपीएस नसतंच. अँड्रॉइडमध्ये मॉडेलागणिक फरक पडतो, तेव्हा पैसे मोजण्याआधी खोक्यावरचं वाचून घ्या. दुकानदाराच्या ‘असतंय की सगळं’वर जाऊ नका.