गणित सोपं, हिशेब अवघड

सध्या आपल्या हॉस्टेलवर सीएफएचं वारं जोरात आहे. सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट. परीक्षेच्या तीन लेव्हल्स असतात आणि पदवीला २३ महिने उरले की पहिलीला बसता येतं. त्यामुळे थर्ड इयरपासूनच पोरं वेबसाइट उघडून बसतात. कट्ट्यावरचं मत ठरलेलं आहे : "एम-थ्री काढलंय आपण, आपल्याला काय अवघड? घाबरायचं तर कॉमर्सवाल्यांनी!" एवढ्या भांडवलावर फॉर्म भरला जातो, आणि फी भरायची डॉलरमध्ये. म्हणून हा लेखनप्रपंच. माझं मत नेमकं उलट आहे. इंजिनिअरला या परीक्षेत गणित नडत नाही, नडतो तो हिशेब. आणि त्याहून जास्त नडते नीती.

आधी आकडेच बघू. पहिल्या लेव्हलला दहा विषय, १८० प्रश्न आणि १३५ मिनिटांचे दोन भाग. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आपण ज्यांच्या जिवावर उड्या मारतो त्यातल्या क्वांटला ६ ते ९ टक्के आणि डेरिव्हेटिव्हजला ५ ते ८ टक्के वेटेज. याउलट एथिक्सला एकट्याला १५ ते २०, आणि कंपन्यांचे हिशेब वाचायच्या विषयाला, म्हणजे फायनान्शियल स्टेटमेंट अॅनालिसिसला, ११ ते १४ टक्के. आपला हुकमी पत्ता सगळा मिळून १७ टक्क्यांच्या वर जात नाही!

फिक्स्ड इन्कम म्हणजे बाँड्स. हा विषय अवघड म्हणून बदनाम आहे, पण आपल्याला तो जमतो. व्याजदर आणि किंमत यांचा आलेख काढा. ड्युरेशन त्याच्या उतारावरून निघतं, कॉन्व्हेक्सिटी त्याच्या वक्रतेवरून. मॉडिफाइड ड्युरेशन ७ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर किंमत साधारण सात टक्के पडणार. झालं! अडचण एकच, आपला लाडका कॅसिओ एफएक्स-९९१ तिथे चालत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस नाहीतर एचपी १२सी, यांच्याच प्रकारातला लागतो. बोटांना महिनाभर सवय करावी लागते, एवढंच.

खरी गोची हिशेबात आहे. समजा एका दुकानदाराने १०० नग १० रुपयांनी घेतले, नंतर १०० नग १५ रुपयांनी. त्यातले १०० नग २० रुपयांनी विकले. नफा किती? जुना माल आधी गेला असं धरलं (फिफो) तर १००० रुपये. नवा आधी गेला असं धरलं (लिफो) तर ५००. माल तोच, गिऱ्हाईक तेच, नफा मात्र निम्मा! अमेरिकी यूएस गॅपमध्ये दोन्ही पद्धती चालतात. आयएफआरएसमध्ये लिफोला बंदी, आणि आपल्या इंड-एएसमध्येही. आता आपलं डोकं "बरोबर उत्तर कुठलं?" असं विचारतं, कारण बीमचं डिफ्लेक्शन देश बदलला म्हणून बदलत नाही. इथे निसर्गाचा नियम नाही, माणसांनी ठरवलेला नियम आहे. तो सिद्ध करता येत नाही, समजून घेऊन लक्षात ठेवावा लागतो.

एथिक्सबद्दल तर बोलायलाच नको. "त्यात काय, खोटं बोलू नये!" असं म्हणून पोरं तो आदल्या रात्रीवर टाकतात. आता हे बघा : अॅनालिस्टला कंपनीची खाण बघायला जायचंय. कंपनी म्हणते, आमच्या विमानाने चला. जावं का? तिथे नेहमीची प्रवासाची सोय असेल तर स्वतःच्या खर्चाने जावं. सोयच नसेल तर कंपनीचं साधं वाहन चालतं. किंवा हे : देशाचा कायदा आणि सीएफएची आचारसंहिता वेगळं सांगत असतील तर? जे जास्त कडक ते पाळायचं. तिन्ही पर्याय सज्जन माणसाचेच वाटतात, आणि सूत्र लावायला काहीच नसतं. सावकाश वाचायची सवय आपण एंट्रन्सच्या क्लासमध्येच मोडून टाकलेली असते.

कुणी म्हणेल, ही शेवटी घोकंपट्टीच. मला नाही पटत. लोकांचा पैसा ज्याच्या हाती जाणार त्याला आधी हेच यायला हवं. वेटेज उगीच दिलेलं नाही.

तर माझा सल्ला साधा आहे. सीएफए इन्स्टिट्यूटच एका लेव्हलला सुमारे ३०० तास अभ्यास सुचवते. त्यातले पहिले तास हिशेबाला द्या, एथिक्स दोनदा वाचा आणि क्वांट मागे ठेवा. आणि फॉर्म भरायच्या आधी एक स्वस्तातली टेस्ट : अकरावी कॉमर्सचं 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' मिळवा आणि त्यातले अंतिम लेखे सोडवून बघा. ताळेबंद जुळला आणि मजा आली, तर बिनधास्त फॉर्म भरा. दोन पानांत झोप आली, तर डॉलर वाचले म्हणायचे!