फेररचना कुणाची? जवानाची की खुर्च्यांची?

बँकेत असताना सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे काढली. नोव्हेंबर उजाडला की काउंटरपुढे हयातीचा दाखला द्यायला निवृत्त सुभेदार, हवालदार, नाईक यांची रांग लागे. धोतर-टोपी घातलेली असली तरी पाठ ताठ. एक सुभेदार पासबुक पुढे सरकवत दर वर्षी म्हणत, ‘साहेब, अजून हजर आहे, लिहून घ्या.’ त्या पेन्शनवर घराचे पत्रे बदलत, नातीची फी भरली जाई आणि धाकटा भरतीसाठी पहाटे पळायला लागे. ज्याच्या नावामागेच ‘मिलिटरी’ लागले ते अपशिंगे याच जिल्ह्यातले.

गेली काही वर्षे लष्कराच्या फेररचनेची चर्चा ऐकताना ती रांग मला हटकून आठवते.

लष्कराची उतरंड समजायला सोपी आहे. दहा जवानांचा सेक्शन, त्यावर प्लॅटून, कंपनी आणि मग आठशेच्या आसपास जवानांची पलटण. पलटणींची ब्रिगेड, ब्रिगेडींची डिव्हिजन, त्यावर कोअर आणि सर्वांत वर कमांड. घोटाळा आहे तो या वरच्या मजल्यावर. भूदल, नौदल आणि हवाई दल यांनी आपापल्या कमांड वेगवेगळ्या आखल्या. लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय आपल्या पुण्यात, नौदलाच्या दक्षिण कमांडचे कोचीत आणि हवाई दलाच्या दक्षिण कमांडचे तिरुवनंतपुरमला! तिन्ही दलांच्या मिळून अशा १७ कमांड, शिवाय अंदमान-निकोबारची आणि अण्वस्त्रांची अशा दोन संयुक्त. युद्ध मात्र तिघांना एकत्रच लढायचे असते.

हे १९९९ च्या कारगिलनंतर सर्वांनाच जाणवले. २००१ साली मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख नेमण्याची शिफारस केली. त्याच वर्षी अंदमानात पहिली संयुक्त कमांड उभी राहिली. दलप्रमुख मात्र यायला १ जानेवारी २०२० उजाडावा लागला. जनरल बिपिन रावत त्या पदावर बसले. भूभागानुसार तिन्ही दलांच्या एकत्रित कमांड उभारणे हे त्यांच्यावरचे मोठे काम. त्यासाठी एकाच अधिकाऱ्याला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कमांड किती, त्यांचे प्रमुख कुणाचे, मोजकी लढाऊ विमाने कशी वाटायची, या वादात २०२० नंतरची पाच वर्षे निघून गेली.

आता खालच्या मजल्याकडे पाहू. ८ डिसेंबर २०२१ रोजी जनरल रावत हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांची जागा ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, रिकामी होती. आणि नेमक्या त्याच काळात, १४ जून २०२२ रोजी, ‘अग्निपथ’ जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, मग सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम, बाकीचे घरी. पेन्शन नाही. त्याच वर्षअखेरीस पहिली तुकडी दाखल होऊ लागली.

म्हणजे वरच्या खुर्च्यांची मांडणी बदलायला दोन तपे पुरली नाहीत. जवानाची नोकरी बदलायला सहा महिने पुष्कळ झाले.

हिशेबाच्या बाजूने सरकारचे म्हणणे मला कळते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये मिळाले. त्यातले सुमारे १.६० लाख कोटी पेन्शनचे. तोफा, ड्रोन, क्षेपणास्त्रे यांनाही पैसा हवाच. जवानांचे सरासरी वय ३२ वरून २६ वर आणण्याचा विचारही चुकीचा म्हणता येणार नाही. पंधरा-सोळा हजार फुटांवर तरुण फुप्फुसेच लागतात.

पण आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाला एक ठाऊक असते. काटकसर नेहमी तिथे सुरू होते, जिथून उलट टपाली पत्र येत नाही. बँकांतही शिपायाची जागा आधी रद्द होई, विभागीय कार्यालय नंतर कधीतरी. लष्करात त्याचा धोका अधिक आहे. पलटण ही नुसती माणसांची बेरीज नव्हे. १७६८ पासून चालत आलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत जवान शेजाऱ्यासाठी गोळी झेलतो, तो शेजारी उद्याही शेजारीच राहणार या भरवशावर. चौघांतला एकच राहणार हे ठाऊक असलेले चौघे एकमेकांकडे कसे पाहतील?

पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखण्याची घोषणा २०२२ सालीच झाली आहे. त्यांतल्या किती प्रत्यक्ष भरल्या, याचा ताळेबंद दर वर्षी संसदेत मांडला गेला पाहिजे. अनुभव वाईट आला तर कायम ठेवण्याचे प्रमाण वाढवले पाहिजे. कमांडचा नकाशा चुकला तर पुन्हा आखता येतो. पंचविशीच्या आत घरी परतलेल्या मुलाची चार वर्षे पुन्हा आखता येत नाहीत.

आमचे सुभेदार ‘हजर आहे’ म्हणत, तेव्हा देशही आपल्यासाठी हजर आहे, हे त्यांनी गृहीत धरलेले असे. नव्या रचनेत त्या गृहीताची जागा कोणत्या रकान्यात आहे, एवढेच विचारायचे आहे.