चेनचा आवाज असलेली जुनी गाडी घ्यावी का?

कांद्याचे पैसे हातात आले की गावात दोनच विषय निघतात, एक बोअर आणि दुसरा जुनी चारचाकी. यंदा आमच्याकडं तीन-चार जण १.३ डिझेलच्या मागं आहेत. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो. नावं वेगळी, पण डिझेल इंजिन मुळात एकच, फियाटचं १२४८ सीसी. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. ॲव्हरेज चांगलं आणि गावोगावच्या फिटरला तोंडपाठ. मारुतीनं २०२० साली डिझेल बंद केलं, त्यामुळं आता बाजारात येते ती गाडी बरीच पळालेली असते.

विकणारा सरळ असला तर सांगतो, "टायमिंग चेनचा आवाज आहे, पण चालतीय की! म्हणून तर किंमत कमी लावली." माझं भांडण या 'चालतीय की'शी आहे.

क्लच जाताना आधी घसरतो. बॅटरी उतरली तर धक्का मारून निघता येतं. चेनचं तसं नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा मेळ ती राखते. तिला ताण देणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल वेळेवर बदललं नाही किंवा कमी पडलं की चेन झिजून लांबते, टेन्शनरला आवरत नाही. एखादा दात सुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात, वाकतात, रॉकर तुटतात. मग हेडच खोला. आणि हे रात्री दोनला, मागच्या सीटवर बाळंतीण असतानाही होऊ शकतं. गावात चारचाकी मिरवायला नसते, अडीनडीला तीच ॲम्ब्युलन्स असते.

तरी मी म्हणतो, अशी गाडी घ्यायला हरकत नाही. लपवलेल्या खोडीपेक्षा सांगितलेली खोड बरी. मोडक्या शिंगाचा बैल घेताना शिंग मोडलंय हे दिसतं तरी. फक्त हिशेब व्यवहाराच्या आधी करा. आपल्या फिटरकडून अंदाज लिहून घ्या: चेन, टेन्शनर, गाईड, गिअर, मजुरी, सगळं धरून. नुसता टेन्शनर बदलून 'झालं काम' म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. ती सगळी रक्कम किमतीतून वजा करा, वर थोडी जास्तच, कारण खोलल्यावर काय निघेल सांगता येत नाही. समोरचा निम्म्यावर अडून बसला तर चहा पिऊन उठा. सौदा झाला तर गाडी आधी गॅरेजला, मग दारात. 'ऊस गेल्यावर बघू' असा विचार असेल तर घेऊच नका.

बघायला पहाटे जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत साखळी ओढल्यागत खडखड येते, ऑईलचा दाब आला की बऱ्याचदा गप होते. म्हणून तेवढा वेळ कुणाशी बोलू नका. चेन नवी टाकलीय म्हणाले तर किटचं बिल मागा, तारीख आणि किलोमीटरसकट. बिल नसेल तर जुनीच चेन आहे असं धरून भाव करा.