फूल आणि दोन पानें

स्कॉटलंडनें स्वतंत्र व्हावें कीं ब्रिटनमध्येंच राहावें, याविषयीं १८ सप्टेंबर २०१४ रोजीं तेथील जनतेचा कौल घेण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं येथें चंद्रपुरास आमची नात मतमोजणीचे आकडे मोठ्यानें वाचून दाखवीत होती. स्वातंत्र्याच्या बाजूस शेंकडा पंचेचाळिसांच्याही आंतच मतें पडलीं, तेव्हां ती हिरमुसली. तुझा स्कॉटलंडशीं संबंध काय, असें विचारण्याचें आम्हीं टाळलें. कारण लहानपणीं आम्हीही असेच एका दूरच्या मुलखाच्या मतमोजणीवर रुसलों होतों.

तो मुलूख गोवा. पोर्तुगीज अंमल जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोवेकरांस विचारण्यांत आलें कीं, महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें, कां केंद्रशासित प्रदेश म्हणून निराळें राहावयाचें? विलीनीकरणाची खूण फूल, निराळेपणाची दोन पानें. आमच्या घरीं फुलाचा जय गृहीतच धरलेला! मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः विलीनीकरणवादी. कौल निःपक्षपातीपणें घेतला जावा म्हणून त्यांनीं अधिकारपदाचा राजीनामा दिला, याचें तात्यांस केवढें कौतुक!

रेडिओवर निकाल ऐकून तात्यांनीं तो पंचांगाच्या शेवटच्या पानावर टिपला. तें पंचांग अद्याप आमच्या संग्रहीं आहे. फूल १,३८,१७०, दोन पानें १,७२,१९१, खालीं वजाबाकी, ३४,०२१. म्हणजे सतरा हजार अकरा माणसें इकडचीं तिकडे होतीं तर निकाल फिरता. मराठी वाचणाऱ्या लोकांनीं असें करावेंच कसें, हें तात्यांस कित्येक दिवस उमगेना. विलीनीकरणाविरुद्धचा पक्ष गोवेकरांपुढें मांडणारें 'राष्ट्रमत' हें दैनिक मराठींतच निघत होतें, हें आम्हांस पुष्कळ मागाहून कळलें. त्याहून नवल असें कीं, त्याच वर्षींच्या निवडणुकींत त्याच गोवेकरांनीं बांदोडकरांस पुनः सत्तेवर बसविलें. कारभारी पसंत होता; घर मात्र दुसऱ्याच्या घरांत मिळवावयाचें नव्हतें.

तात्यांचा त्रागा चालला असतां आई स्वयंपाकघरांतून एवढेंच म्हणाली, "अहो, त्यांना निदान विचारलें तरी. आपल्या चांद्याला कोणीं विचारलें?"

तात्या गप्प बसले. राज्य पुनर्रचना आयोगानें १९५५ सालीं विदर्भाचें निराळें राज्य सुचविलें होतें, तें झालें नाहीं. १९५६ च्या नोव्हेंबरांत चांदा जिल्हा मध्यप्रदेशांतून द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. चार वर्षांच्या आंत तीन राज्यें! गडचिरोली तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. तें १९८२ त निराळें झालें. सिरोंच्याचा तेलुगु बोलणारा शेतकरी काय, भामरागडच्या रानांतला माडिया काय, किंवा चांद्यांतले आमचे तात्या काय, या प्रश्नाकरितां मतपेटीपुढें कोणासच बोलाविलें गेलें नाहीं. बोलाविलें असतें तर कदाचित् महाराष्ट्रच निवडला गेला असता. तात्यांचें मत तर निश्चित तिकडेच पडतें. परंतु तें मोजलें गेलें असतें.

नातीस तें पंचांग काढून दाखविलें. तिनें आधीं वजाबाकी पडताळून पाहिली. ती बरोबर होती. मग आपल्या जिल्ह्याचे आकडे शोधण्यासाठीं तिनें पान उलटलें. तेथें दुधाचा हिशेब होता.