शेत विकण्याआधी

गेल्या महिन्यात एका रविवारी खालापूरकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्या घरी आले. मुलगा आमचाच विद्यार्थी. दहावीला उर्दू आणि गणित दोन्हींत चांगला होता, आता विज्ञान घेऊन बारावी झालाय. सलाम-दुआ झाली, चहा आला आणि वडिलांनी एकदम विषय काढला, "सर, याला पायलट व्हायचंय. शेत विका म्हणतो. तुमचं ऐकेल, तुम्हीच सांगा काय ते."

शेत भाताचं, रस्त्याला लागून. आपल्या कर्जत-खालापुरात भाताच्या शेताकडे आता भाताच्या हिशेबाने कोणी बघत नाही. द्रुतगती मार्ग झाला, शहरवाल्यांचे बंगले झाले, नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. प्रत्येक बांधावर एक एजंट उभा आहे. गिऱ्हाईक तयार होतं, फक्त सही बाकी होती.

आम्ही मुलाला विचारलं, "बेटा, खर्चाचा अंदाज आहे?" त्याला होता. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो, हे त्याने नीट सांगितलं. मग म्हणाला, "सर, पण सगळे तास विकत घ्यावे लागत नाहीत. परदेशात ग्लायडर ओढणारे पायलट असतात. त्यांना फुकटात तास मिळतात. कुठे कुठे पगारसुद्धा."

वडील आमच्याकडे बघू लागले. मुलगा खोटं बोलत नव्हता. पण ही गोष्ट पूर्ण समजून घेतल्याशिवाय सही करण्यासारखी नव्हती.

ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला वर न्यायला एक छोटं, दणकट विमान लागतं. दोघांमध्ये साधारण साठ मीटरचा दोर बांधतात. पुढचं विमान ग्लायडरला ओढत दोनेक हजार फुटांपर्यंत नेतं. तिथे ग्लायडरवाला एक खटका ओढून दोर सोडतो आणि उबदार हवेच्या झोतांवर तरंगत राहतो. ओढणारा पायलट वळतो, खाली उतरतो आणि पुढचं ग्लायडर बांधून घेतो.

आम्ही त्याला म्हणालो, "तू कर्जत स्टेशनवर लहानाचा मोठा झालास. आपला बँकर आठव." पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. बँकर गाडीला घाट चढवतो, वर सुटतो आणि कर्जतला परत येतो. प्रवासी तोवर वडापाव खाऊन झोपलेला असतो. बँकरच्या ड्रायव्हरला तो ओळखतही नाही. ग्लायडर ओढणाऱ्याचं काम असंच आहे, फरक एवढाच की तो पुढून ओढतो.

आता हिशेब. एक फेरी साधारण दहा मिनिटांची, म्हणजे तासाला सहा. शंभर तास जमवायचे तर सहाशे वेळा उडायचं आणि सहाशे वेळा उतरायचं. हात तयार होतो तो इथे. पण यात धोकाही आहे. मागचं ग्लायडर अचानक फार वर गेलं तर दोराने पुढच्या विमानाची शेपटी उचलली जाते आणि नाक खाली जातं. अशा वेळी दोर तोडायला क्षणभरच मिळतो. म्हणून हे काम नवशिक्याला देत नाहीत. अमेरिकेत आधी शंभर तास स्वतः कप्तान म्हणून उडवलेले असावे लागतात, वर ग्लायडर ओढण्याचं वेगळं प्रशिक्षण. म्हणजे पहिले तास खिशातूनच. "फुकटात" हा शब्द इथे अडखळतो.

तिकडची मुलं या मार्गाने का जातात, हेही त्याला सांगितलं. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीत सह-वैमानिक व्हायलासुद्धा साधारण १५०० तास लागतात. मधले हजार-बाराशे तास भरून काढायला कोणी ग्लायडर ओढतं, कोणी जाहिरातीचं कापड ओढतं, कोणी नवशिक्यांना शिकवतं. ब्रिटनच्या क्लबांत तर हे काम बहुतेक सभासदच हौसेने करतात. आपल्या मुलाला तिथे पगारावर काम करायचं तर त्याचा व्हिसा वेगळा. आणि परदेशी परवाना भारतात चालवायचा तर डीजीसीएची पडताळणी आणि परीक्षा आहेतच.

आपल्याकडे तो मार्ग जवळजवळ नाही. पुण्याला हडपसरमध्ये डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर १९५० च्या सुमारापासूनचं आहे. पण तिथे ग्लायडर विमानाने ओढत नाहीत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो, तो तार गुंडाळतो आणि पतंगासारखं ग्लायडर वर चढतं. ओढणाऱ्या पायलटची नोकरीच नाही, तर तास कुठून मिळणार?

मुलाचा चेहरा उतरला. त्याची अम्मी फोनवर होती, तिकडून म्हणाली, "सर, नाही म्हणू नका त्याला." आम्ही नाही म्हणत नव्हतो. आमच्या मनात दुसरा एक मुलगा होता.

काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी आला होता. आम्ही पाठ थोपटली, "हिंमत कर" म्हणालो आणि आमचं काम संपलं असं समजलो. घरच्यांनी जमिनीचा तुकडा विकला आणि एका एजंटला पहिला हप्ता दिला. नंतर वैद्यकीय तपासणीत कळलं की मुलाला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. पैसे अर्धेही परत आले नाहीत. त्याचे वडील आजही आम्हाला आदराने सलाम करतात, आणि तोच आम्हाला जड जातो. एक प्रश्न विचारायचा होता, तो आम्ही विचारला नव्हता.

म्हणून या वेळी कागद घेतला आणि क्रम लिहून दिला. पहिली वैद्यकीय तपासणी, आधी वर्ग दोन, मग वर्ग एक, डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडेच. ती होईपर्यंत कोणालाही एक रुपया नाही. मग घरी अभ्यास करून देता येणाऱ्या लेखी परीक्षा: हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान. त्यांत पास झाला तर मुलाची चिकाटी आपोआप कळेल. त्यानंतर ग्लायडिंग सेंटरला फोन करून, उड्डाणं चालू आहेत का ते विचारून, एक फेरी मारून यायची. इंजिन नसलेल्या यंत्रात बसून ज्याला भीती वाटली, त्याने पन्नास लाख घालण्याआधीच ती ओळखलेली बरी. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या उड्डाण प्रशिक्षणाची चौकशी त्याच्यानंतर. धाकट्या भावंडांसाठी एनसीसीची हवाई शाखाही लक्षात ठेवावी.

पैशाचं म्हणाल तर बँकेच्या व्याजाचा प्रश्न अनेक घरांत येतो. ज्याने त्याने आपल्या जाणकारांना विचारावं. पण शेत विकणे हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा आहे. हैदराबादच्या सय्यदा सलवा फातिमा पायलट झाल्या. त्यांचे वडील बेकरीत काम करत. आधी समाजातली माणसं मदतीला आली, पुढे सरकार आलं. मुलींच्या अम्मींनी आणखी एक नाव ठेवावं. उर्दूच्या नामवंत लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ मध्ये लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना घेतला होता. हे स्वप्न आपल्या घरांत नवीन नाही.

निघताना वडिलांनी विचारलं, "मग एजंटला काय सांगू?" आम्ही म्हणालो, "सांगा, पाऊस झाला की लावणी आहे." ते हसले. मुलगा मात्र कागद घडी घालून खिशात ठेवत होता.

परवा त्याचा निरोप आला. वर्ग दोनच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. निकाल काहीही आला तरी, इन्शाअल्लाह, याच पानावर कळवू. तोवर ज्यांच्या घरी असं स्वप्न आहे त्यांनी डॉक्टरची तारीख आधी घ्यावी, गिऱ्हाईकाची नंतर.