दवणा जरूर वाहा, पण दवण्याचे तेल पिऊ नका

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गेलात की गुलालाइतकाच दवण्याचा वास लक्षात राहतो. देवाला वाहिलेला दवणा आपण घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतो. सुकला तरी त्याचा वास बरेच दिवस टिकतो.

हा वास दवण्यातल्या सुगंधी तेलाचा असतो. फुलोऱ्यावर आलेल्या दवण्यातून वाफेने हे तेल काढतात. त्यातल्या एका मुख्य घटकाला दवण्यावरूनच ‘दवानोन’ असे नाव मिळाले आहे. दक्षिण भारतात निघणारे हे तेल परदेशी अत्तरांतही वापरले जाते. आपल्या देवाचा दवणा जगभर पोचला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण अभिमान वेगळा आणि औषध वेगळे. शंभर किलो ताज्या दवण्यातून अर्धा किलोही तेल निघत नाही. म्हणजे बाटलीतले तेल किती तीव्र असते, याचा विचार करा. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हा समज मला म्हणूनच धोकादायक वाटतो.

दवण्याने साखर उतरते, असेही तुम्ही ऐकले असेल. दवण्याच्या अर्काचे असे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. माणसांसाठी तेवढा पुरावा पुरेसा नाही. त्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका.

मग काय करावे?

• सुगंधी तेल पोटात घेऊ नका.
• त्वचेवर थेट लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब मिसळा आणि आधी हातावर थोडे लावून एक दिवस वाट पाहा.
• दवणा, शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातले आहेत. गाजर गवताची ॲलर्जी असेल तर जपून राहा.
• दमा असलेल्यांनी उग्र वासापासून दूर राहावे. गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल वापरू नये.
• मुलाने तेल प्यायले तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जाऊ शकते. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

दवणा देवाला वाहा, वास घ्या, मन प्रसन्न होऊ द्या. आपल्या वाडवडिलांनी तो असाच जपला. औषधाची जागा मात्र त्याला देऊ नका.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!